बाहेर गेलेलं डावं कोपर

प्रिय दादा,

तुला वाकून नमस्कार. (समोर वाकले असते तर तू डोक्यात टपली मारली असतीस, म्हणून कागदावरच उरकून घेते.) तब्येत कशी आहे? गुडघा अजून कुरकुरतो का? लिफ्टच्या त्या अंधाऱ्या खड्ड्यात उतरताना कंबरेला पट्टा बांधतोस ना? हे आई रोज विचारते. म्हणजे मला विचारते, आणि वर बजावते की तुला विचारायचं नाही, तो चिडतो. तेव्हा तू न चिडता उत्तर दे आणि मी विचारलंच नाही असं समज. इकडे सगळे मजेत आहेत. आई मजेत, मी मजेत, बाबा मध्ये काही दिवस आडवे होते, आता उभे आहेत आणि मजेत आहेत. ते आडवे का झाले ते पुढे येईलच. घाबरू नकोस, त्यात लाज जास्त होती आणि दुखणं कमी.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण आपल्या घरच्या फोनची तऱ्हा तुला माहीत आहे. आई बोलते, बाबा शेजारच्या खुर्चीत पेपर उघडून बसतात आणि पेपरला सांगावं तसं म्हणतात, "विचार त्याला, तिकडे थंडी आहे का." तू म्हणतोस, सांग त्यांना, आहे. आई म्हणते, आहे म्हणतोय. बाबा पेपरला "हं" म्हणतात. (एकदा आईने वैतागून फोन सरळ त्यांच्या कानाला लावला, तर तुम्ही दोघांनी इतका वेळ नुसता श्वास घेतलात की तिला वाटलं लाइन गेली.) निवड चाचणीच्या दिवशी तू मैदानाऐवजी लिफ्ट कंपनीच्या मुलाखतीला गेलास आणि बाबा स्टॉपवॉच हातात धरून सुरुवातीच्या रेषेपाशी उन्हात उभे राहिले, तेव्हापासून हे असं चाललंय. बाबांचं त्यावरचं मत अजून बदललेलं नाही: तो धावला चांगला, पण भलत्या दिशेला. दादा, मला आता तुमचे श्वास ऐकायचा कंटाळा आलाय. तुम्ही एकमेकांशी एक वाक्य सरळ बोललात तर मी धन्य होईन. पण ते असो. मी पत्र लिहायला बसले ते लोगोबद्दल.

आपल्या क्लबचा जुना बिल्ला आठवतो ना? ढालीवर मशाल. काढणाऱ्याने ज्वाळेला इतकी गोलाई दिली होती की बाहेरगावच्या स्पर्धांना आपली मुलं उतरली की लोक म्हणायचे, आले आइसक्रीमवाले. तर क्लबला यंदा पन्नास वर्षं होतायत आणि त्या निमित्ताने आइसक्रीम काढून नवा लोगो करायचं ठरलं. काम आलं आमच्या छपाईच्या दुकानात, आणि मालकांनी ते "घरचंच आहे" म्हणून माझ्या टेबलावर टाकलं. घरचं म्हणजे काय, तर लोगो पसंत करणाऱ्या समितीत आपले पिताश्री. क्लबचे कोच असल्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगून टाकलं की नातं मैदानाच्या बाहेर ठेवायचं. (त्याच संध्याकाळी घरी मला म्हणाले, भाजीत मीठ कमी आहे, आणि तुझ्या कामातही. म्हणजे नातं बाहेर ठेवायचं ते फक्त मी.)

आता खेळाचा लोगो म्हटल्यावर सगळं जग जे करतं तेच मी केलं. खेळाडूची काळी आकृती. नाक नाही, डोळे नाहीत, नुसती बाह्यरेषा. लांबून पाहिली तरी धावणारा धावताना दिसला पाहिजे. कॉम्प्युटरवर अशा तयार आकृत्या ढिगाने मिळतात. त्यातल्या चार सुबक निवडल्या, खाली क्लबचं नाव टाकलं आणि ऐटीत समितीपुढे ठेवल्या. अध्यक्ष म्हणजे आपले दातांचे डॉक्टर. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, "सगळं काळं का? कोणी गेलं का क्लबातलं?" मी समजावलं, ही छायाकृती आहे. तर ते म्हणाले, असेना का, पण जरा हसरी हवी होती, दात दिसले असते. पोहण्याच्या विभागाच्या बाईंना त्यात पोहणारीही हवी होती. तीही मी काढून दिली. पण पोहणाऱ्या माणसाचा पाण्याबाहेर दिसतो तो एक हात आणि टोपी, त्यामुळे एकंदर चित्र कोणीतरी बुडतंय आणि धावणारा मदत आणायला निघालाय असं झालं. आमच्या मालकांची आवड तुला ठाऊकच आहे. त्यांनी आजवर छापलेल्या प्रत्येक गोष्टीच्या मागे ज्वाळा आहेत, अगदी लहान मुलांच्या डॉक्टरांच्या पाटीमागेसुद्धा. त्यांच्या आग्रहाखातर ज्वाळा घातल्या, तर धावणारा आगीतून जीव घेऊन पळताना दिसायला लागला. त्यावर मालक म्हणाले, बघा, वेग आला.

आणि बाबा? बाबांनी त्या आकृत्यांकडे लोगो म्हणून पाहिलंच नाही. ते त्यांना सराव देऊ लागले. पहिलीला म्हणाले, मान मागे टाकलीय, हा शेवटच्या शंभर मीटरमध्ये संपणार. दुसरीला म्हणाले, टाच आधी टेकतोय, गुडघे घालवून बसेल. तिसरीपाशी नुसते च्‌ च्‌ करत थांबले आणि म्हणाले, याला कोणी शिकवलंय? चौथी मला स्वतःला फार आवडली होती, पण ती कोणत्या तरी बुटांच्या जाहिरातीतली निघाली, आणि बाबांच्या मते तो गडी धावत नव्हताच, फोटोसाठी उडी मारून हवेत राहिला होता. शेवटी फर्मान निघालं: तयार माल चालणार नाही. जिवंत माणूस समोर उभा करायचा, त्याची सावली पाडायची, आणि ती काढायची. ज्याने कधी घाम गाळला नाही असा माणूस आमच्या क्लबच्या छातीवर येणार नाही.

झालं. क्लबच्या हॉलमध्ये दोरीवर आईची पांढरी चादर लावली, मागे मोठा दिवा ठेवला, आणि मी अलीकडून कागद-पेन्सिल घेऊन बसले. पहिली अडचण अशी की मुलांच्या परीक्षा चालू होत्या, मैदानावर चिटपाखरू नव्हतं. मग जे हाताशी होते त्यांना उभं केलं. गोळाफेकीसाठी मालक स्वतःहून पुढे आले. पण बाजूने सावली पाडल्यावर त्यांचं पोट आणि गोळा असे एक झाले की कुठला फेकायचाय ते कळेना. भाल्यासाठी शेजारच्या काकूंनी झाडूचा दांडा खांद्यावर घेतला. पवित्रा उत्तम होता, मी खोटं बोलणार नाही, पण सावलीत ती पालीच्या मागे लागलेली बाईच दिसत होती. (काकूंना हे मी सांगितलेलं नाही. त्या घरी सगळ्यांना सांगतायत की लोगोत मी आहे.) आईला म्हटलं, तू शर्यत जिंकलीयस, दोन्ही हात वर करून फीत तोडतेयस. तिने हात वर केले आणि एरवी वरच्या फळीवरचा डबा काढताना जशी दिसते तशीच दिसली. वर मला म्हणते, जिंकलेल्या माणसाने चपला घालायच्या की काढायच्या?

हे सगळं बाबा भिंतीला टेकून, हाताची घडी घालून बघत होते. त्यांचा संयम तुला माहीत आहे, म्हणजे तो नाही हे माहीत आहे. चादरीमागून आईला बाजूला करून ते स्वतः उतरले. म्हणाले, बघ, याला म्हणतात सुरुवात. हाताची बोटं जमिनीला टेकवली, एक गुडघा पुढे, एक मागे, मान खाली, आणि मग कंबर वर उचलली. दादा, काय सुंदर रेषा होती! मी घाईघाईने काढायला घेतली. काढून झाली. मी म्हटलं, बाबा, झालं, उठा. सावली हलेना. पुन्हा म्हटलं. तेव्हा चादरीमागून अगदी बारीक आवाजात उत्तर आलं की उठता येत नाहीये, आणि हे कोणाला सांगू नकोस. सांगू नकोस कसं? मालक, काकू, आई, सगळे तिथेच. पाठ अशी काही धरली होती की ना खाली जाता येईना, ना वर. मालकांनी हाताने उचलून गाडीत घातलं ते त्याच पवित्र्यात, मागच्या सीटवर, कंबर वर. रस्त्यातले ओळखीचे लोक हात करत होते आणि बाबा मान खाली असल्यामुळे सुटले. घरी आल्यावरही संध्याकाळभर ते तसेच, शर्यत सुटायची वाट बघत असल्यासारखे. आईने चहा त्यांच्या नाकापुढे जमिनीवर ठेवला आणि वर म्हणाली, आता मी शिट्टी वाजवू का? मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात फडकं कोंबलं. डॉक्टरांनी औषध दिलं, शेक सांगितला आणि पुढे बरेच दिवस झोपून राहा म्हणाले. आता ते बरे आहेत, पण खाली पडलेली वस्तू दिसली की हल्ली न दिसल्यासारखं करतात.

तर ते आडवे, समितीची बैठक तोंडावर, आणि माझ्याकडे एकही धड आकृती नाही. बाबांची ती सुरुवातीची रेषा होती, पण ती वापरायला त्यांनी सक्त मनाई केली. शेकाची पिशवी गार व्हायची वाट बघत मी त्यांच्या पलंगाशी बसून राहायचे आणि मांडीवरच्या कागदावर काहीबाही गिरवायचे. त्यातच एक धावणारा आला. कसा आला मला विचारू नकोस. समोर कोणी नव्हतं, फोटो नव्हता (तुझे फोटो बाबांनी कुठे ठेवलेत ते आईलाही माहीत नाही), हात आपोआप गेला आणि एका दमात रेष पुरी झाली. समितीपुढे तीन आकृत्या ठेवायच्या होत्या; मला वाटलं, चला, ही तिसरी म्हणून खपेल. मालकांच्या पोटाला जरा आवरून एक गोळाफेक केली, काकूंची पाल पुसून एक भालाफेक केली, आणि तीन मोठे बोर्ड छापून बैठकीला गेले.

बाबा पट्टा बांधून आले होते. पट्ट्यामुळे ते नेहमीपेक्षाही ताठ आणि नेहमीपेक्षाही कडक दिसत होते. गोळाफेक पाहिली, पुढे सरकले. भालाफेक पाहिली, म्हणाले, ही ओळखीची वाटते. मग तिसऱ्या बोर्डापुढे गेले आणि थांबले. जवळ गेले, मागे आले, पुन्हा जवळ गेले. मी मनात म्हटलं, गेलं, आता टाच निघणार, मान निघणार. तेवढ्यात अध्यक्ष पुढे होऊन म्हणाले, हा छान आहे हो, फक्त डावा हात बघा, कोपर उगाच बाहेर गेलंय, काखेत पिशवी धरल्यासारखं, तेवढं जरा आत घ्या म्हणजे दोन्ही बाजू सारख्या होतील. आणि तेव्हा, दादा, तेव्हा मला दिसलं मी कोणाला काढलंय.

आठवतं? संध्याकाळच्या सरावाला मी त्या बाकावर तुझा स्वेटर आणि पाण्याची बाटली सांभाळत बसायचे. सूर्य बरोब्बर समोर मावळायचा. शेवटच्या वळणावरून तुम्ही सगळे यायचात तेव्हा कोणाचं तोंड दिसायचं नाही, शर्टाचा रंग कळायचा नाही, नुसत्या काळ्या आकृत्या. पण त्यातला तू कुठला हे मला कधी शोधावं लागलं नाही. ते डावं कोपर पंखासारखं बाहेर असायचं, आणि मागून बाबांची आरोळी यायची, कोपर आत! माझं सगळं लहानपण त्या आरोळीत गेलं. तू निघून गेल्यावर मला तुझी आठवण यायची ती तोंडाची नाही, त्या आकृतीची. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, आता सांगते.

मी पेन्सिल घेऊन पुढे झाले, म्हटलं, घेते आत, दोन मिनिटांचं काम आहे. तर बाबा म्हणाले, "हात लावायचा नाही." अध्यक्ष म्हणाले, पण कोचसाहेब, ते चुकीचं आहे ना? बाबा म्हणाले, "चुकीचंच आहे. खूप सांगून पाहिलं. तो नाही ऐकणार." कोण, असं बाईंनी विचारलं. बाबांनी बोर्डाकडे बोट केलं, "हा." आणि मग घसा खाकरून पाणी प्यायले, ग्लास रिकामा झाला तरी पीतच राहिले. समितीतल्या लोकांना वाटलं, औषधाचा परिणाम आहे. लोगो एकमताने पास झाला. मालकांनी जिन्यात मला गाठून ज्वाळांचं विचारलं, तेव्हा मागून येणाऱ्या बाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते तिथूनच दुकानात गेले.

इथे पत्र संपवता आलं असतं, पण खरी गंमत पुढेच आहे. लोगो शर्टांवर आला, बाटल्यांवर आला, पिशव्यांवर आला. परीक्षा संपल्या, मुलं मैदानावर परतली. लहान मुलांचं कसं असतं, छातीवर जे छापलंय ते मनापासून घेतात. त्यांनी पाहिलं, आपल्या क्लबचा धावणारा असा धावतो, आणि त्यांना वाटलं, आपली हीच पद्धत. आता आपल्या मैदानावर झाडून सगळी मुलं डावं कोपर बाहेर काढून धावतात. वळणावरून येतात तेव्हा एकमेकांना ढुसण्या मारतात, रडारड होते. परवा एक पालक विचारायला आले की माझ्या मुलाचा खांदा निखळलाय का. आणि बाबा, ज्यांनी उभी हयात एक कोपर आत घेण्यात घालवली आणि ते गेलं नाही, ते आता दिवसभर त्या मुलांच्या मागे ओरडत फिरतात. मी रोज दुकानातून येताना मैदानाच्या कुंपणापाशी थांबून ऐकते. कारण ओरडताना त्यांच्या तोंडून मुलांचं नाव निघत नाही, दादा. तुझं निघतं. प्रत्येक मुलाला ते तुझ्याच नावाने हाक मारतात, आणि मुलंही आता ओ देतात. आईला सांगितलं तर ती म्हणाली, घरात नाव घेतलं नाही ते मैदानावर तरी घेतायत, घेऊ दे.

असो. फार लांबलं. तू जेवणाची हेळसांड करू नकोस, ओल्या हाताने वायरींना हात लावू नकोस, आणि या पत्राला उत्तर फोनवर देऊ नकोस.

तुझी
शेपूट
(अजून हेच म्हणतोस ना? आता माझ्या पुढे कोणी नसतं, तरी मला तेच नाव बरं वाटतं.)

ता. क. तुझ्या मापाचा एक शर्ट बाजूला ठेवलाय. माप जुनंच धरलंय. पोट सुटलं असेल तर आधी कळव. मालकांनी गुपचूप ज्वाळांचाही एक छापलाय, तो मी तुला पाठवणार नाही.

आणखी एक ता. क. आता मूळ मुद्दा, जो मी वर मुद्दाम लिहिला नाही. क्लबच्या नव्या गॅलरीला लिफ्ट आहे, आणि लोगो पास झाला त्या आठवड्यापासून ती बंद पडलीय. पुढच्या महिन्यात गेटवर लोगोची मोठी पाटी लागणार, जुने सभासद येणार, त्यातल्या निम्म्यांना जिना चढवत नाही. बाबांना तर मुळीच नाही, पण पट्टा बांधून कण्हत चढतात आणि कंपनीचा माणूस आला की त्याला गेटवरूनच परत पाठवतात. म्हणतात, हिला नीट जाणणारा माणूस पाहिजे. मी विचारलं, असा माणूस आता कुठे शोधायचा? तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "असेल कुठेतरी." तेव्हा दादा, कोपर, पाठ, पाल, सगळं विसर. हे सगळं पत्र एवढ्यासाठीच होतं: हत्यारांची पेटी घेऊन ये. कामाला आलास म्हण, कोणी काही विचारणार नाही.

शेवटचा ता. क. पत्र बंद करून टपालपेटीत टाकायला बाबांकडे दिलं होतं. आज ते फोडलेल्या पाकिटासकट माझ्या टेबलावर परत आलं. लाल पेन्सिलने तपासलेलं आहे. जिथे "संध्याकाळभर" होतं तिथे त्यांनी "थोडा वेळ" केलंय, त्यावर आईने काट मारून पुन्हा "संध्याकाळभर" केलंय. (म्हणजे तिनेही वाचलं.) मी तुझ्यासाठी ते सगळं पुन्हा साफ लिहून काढलं. खाली मात्र त्यांनी जे लिहिलंय ते कापून जसंच्या तसं चिकटवते. मी एक वाक्य सरळ मागितलं होतं, तूच बघ किती आलीयत:

"लिफ्टला काही झालेलं नाही. मेन स्विच मी बंद करून ठेवला आहे. तरी ये. — बाबा"